रिसायकलिंग प्लांटचा आजूबाजूला काय परिणाम होतोय ते कसं मोजायचं, आणि "सगळं लिमिटमध्ये" असा रिपोर्ट कसा वाचायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वस्तीपासून साधारण ६०० मीटरवर रिसायकलिंग प्लांट आहे, तिथे प्लास्टिक, जुन्या केबली आणि थोडा ई-कचरा येतो, दर तीन महिन्यांनी रिपोर्ट येतो आणि त्यात सगळं लिमिटमध्ये असतं, पण खिडकीत काळी धूळ बसते, रात्री जळक्या प्लास्टिकचा वास येतो, मग नक्की खरं काय धरायचं. मी बरीच वर्षं हेच काम करतेय, कधी प्लांटकडून तर कधी वस्तीकडून, आणि माझा अनुभव असा की बहुतेक वेळा रिपोर्टमधले आकडे खोटे नसतात, फक्त तुम्हाला ज्याचा त्रास होतोय ते त्या आकड्यांत मोजलेलंच नसतं. चुकीच्या जागी, चुकीच्या वेळी किंवा भलतीच गोष्ट मोजलेली असते. म्हणून आधी एक गोष्ट पक्की डोक्यात बसवा: एकट्या आकड्याला काही अर्थ नसतो, तो कशाच्या तरी शेजारी ठेवून बघावा लागतो. वाऱ्याच्या वरच्या बाजूचा (म्हणजे वारा जिकडून येतो तिकडचा) आकडा आणि खालच्या बाजूचा (वारा जिकडे जातो तिकडचा), प्लांट चालू असतानाचा आणि बंद असतानाचा, मातीच्या वरच्या थरातला आणि खालच्या थरातला. खाली जे काही लिहिलंय ते सगळं या तुलनेभोवतीच फिरतं.

सुरुवात मशीनपासून करू नका, गेटपासून करा. आत रोज काय माल येतो, किती येतो आणि त्याचं काय करतात हे कळल्याशिवाय काय मोजायचं ते ठरवताच येत नाही. प्रत्येक मालाची घाण वेगळी असते. गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या फोडत असतील तर शिसं आणि ॲसिड, केबली असतील तर तांबं, आणि वरचं पीव्हीसी कुठे जळत असेल तर डायॉक्सिन (अशा जळण्यातून तयार होणारं, शरीरात साठणारं विष), ट्यूबलाइट आणि जुने स्क्रीन असतील तर पारा, टायर असतील तर झिंक आणि टायर तापवून तेल काढत असतील तर बेन्झीनसारखे वायू, भंगार गाड्यांचा श्रेडर (तुकडे करणारं मशीन) असेल तर तेलकट धूळ आणि जुन्या मालातून पीसीबी (जुन्या विजेच्या सामानात वापरलेलं विषारी रसायन), काच असेल तर मुख्य त्रास आवाजाचा. तुमच्या रिपोर्टमध्ये पीएम १० (हवेतले १० मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण; पीएम २.५ म्हणजे त्याहून बारीक, २.५ मायक्रॉनपर्यंतचे), सल्फर डायऑक्साइड आणि नायट्रोजन डायऑक्साइड एवढंच आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे तो कुठल्याही रस्त्यावर, कुठल्याही कारखान्यासाठी चालेल असा साचेबंद रिपोर्ट आहे. केबल आणि ई-कचऱ्याच्या प्लांटमध्ये शिसं, कॅडमियम, तांबं, ब्रोमीनवाले फायर रिटार्डंट (प्लास्टिक लवकर पेटू नये म्हणून घातलेली रसायनं) यातलं एकही नाव नसेल तर तो रिपोर्ट लिमिटमध्ये असणारच ना, विचारलंच नाही तर उत्तर कुठून येणार.

प्लास्टिक धुणाऱ्या प्लांटबद्दल इथेच सांगते, कारण हे कोणी बघत नाही. २०२३ मध्ये ब्रिटनमधल्या एका प्लास्टिक रिसायकलिंग प्लांटच्या धुण्याच्या पाण्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात असा अंदाज निघाला की फिल्टर नसताना आलेल्या प्लास्टिकच्या १३ टक्क्यांपर्यंत वजन मायक्रोप्लास्टिक होऊन पाण्यात जाऊ शकतं, आणि फिल्टर बसवल्यावर तेच ६ टक्क्यांच्या आसपास येतं. तो प्लांट नवा आणि चांगला चालवलेला होता, तरी हे आकडे. त्यामुळे प्लास्टिक धुवत असतील तर त्यांच्या पाण्याच्या तपासणीत नुसतं पीएच (पाणी किती आम्ल ते) आणि सीओडी (पाण्यातल्या घाणीचं ढोबळ माप) बघून भागत नाही, गाळणी किती मायक्रॉनची आहे आणि त्यात अडकलेला गाळ पुढे कुठे जातो हे विचारायलाच हवं.

आता हवा. पहिलं काम वाऱ्याची दिशा, तीही आख्ख्या वर्षाची, आणि दिवसाची वेगळी, रात्रीची वेगळी. बऱ्याच ठिकाणी दिवसा वारा एकीकडे आणि रात्री दुसरीकडे असतो आणि सॅम्पलर (हवेचा नमुना घेणारं मशीन) मात्र दिवसाच्या वाऱ्यावरून लावलेला असतो. एका ठिकाणी मी गेले तेव्हा सॅम्पलर प्लांटच्या ऑफिसच्या गच्चीवर होता, वीज तिथेच होती म्हणून, आणि वर्षातले जवळजवळ नऊ महिने ती गच्ची वाऱ्याच्या वरच्या बाजूला यायची. कोणी मुद्दाम केलं नव्हतं, पण तीन वर्षांचे रिपोर्ट वाया. किमान दोन जागा हव्यात, एक वाऱ्याच्या वर आणि एक खाली, त्याच तासांना एकाच वेळी चालू, आणि बघायचा तो दोघींमधला फरक. खालचा आकडा ६० आणि वरचाही ५८ असेल तर धूळ बाहेरून येतेय, प्लांटला दोष देऊन उपयोग नाही. खालचा ६० आणि वरचा २५ असेल तर मग बोलायला जागा आहे, भले ६० लिमिटमध्ये असो.

दुसरी फसगत सरासरीची. समजा २२ तास पीएम २.५ साधारण ३० आहे आणि रात्री २ तास कोणीतरी काहीतरी जाळतंय म्हणून ४०० झाला, तर २४ तासांची सरासरी येते ६१ च्या आसपास. ६१ वाचणाऱ्याला वाटतं हवा थोडी खराब आहे, पण ज्या घरात दमेकरी माणूस आहे त्यांच्यासाठी ती दोन तासांची रात्र हीच खरी गोष्ट असते आणि ती कागदावर कुठेच दिसत नाही. म्हणून तासातासाचा डेटा मागा, नुसती सरासरी नको. तुलनेसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दिलेली पातळी लक्षात ठेवा, पीएम २.५ साठी वर्षाची सरासरी ५ आणि २४ तासांची १५ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर, पीएम १० साठी वर्षाची १५ आणि २४ तासांची ४५. बहुतेक देशांची कायदेशीर लिमिट याच्यापेक्षा सैल असते, त्यामुळे लिमिटमध्ये म्हणजे निर्धोक असं समजू नका.

तुम्ही विचारलंय की स्वस्तातले सेन्सर घेऊन वस्तीत लावले तर चालेल का. चालेल, पण ते काय करू शकतात ते समजून घ्या. हे सेन्सर प्रकाश टाकून कण मोजतात, बारीक धुरासाठी ठीक आहेत, पण श्रेडरची, कन्व्हेयरची, उघड्या ढिगाऱ्याची धूळ जाडसर असते आणि जाड कण हे सेन्सर नीट पकडतच नाहीत, स्क्रीनवर पीएम १० चा आकडा येतो तो बराचसा अंदाजाने काढलेला असतो. शिवाय हवेत दमटपणा फार असला, साधारण ८० टक्क्यांच्या वर, की कण पाणी पिऊन फुगतात आणि सेन्सर आकडा वाढवून दाखवतो, मग पहाटेचं धुकं तुम्हाला प्रदूषण वाटतं. त्यामुळे आधी दोन आठवडे सगळे सेन्सर एकाच जागी शेजारी शेजारी ठेवा, जमलं तर एखाद्या अधिकृत स्टेशनच्या बाजूला, आणि आपापसात किती फरक येतो तो लिहून ठेवा. त्यानंतर त्यांचा उपयोग एकाच कामाला करायचा, कुठल्या वेळी आणि कुठल्या वाऱ्याला आकडा उसळतो ते शोधायला. त्यातला नेमका आकडा घेऊन कोणाशी भांडायला जाऊ नका, तिथे तुम्ही हराल.

खिडकीतल्या काळ्या धुळीसाठी खरं साधन म्हणजे धूळ जमा करायचं भांडं. एक उघडं बरणीसारखं भांडं जमिनीपासून दीड-दोन मीटर उंच खांबावर ३० दिवस ठेवायचं, मग आत काय पडलं ते वाळवून तोलायचं आणि एका दिवसाला एका चौरस मीटरवर किती मिलिग्रॅम ते काढायचं. स्वस्त, विजेची गरज नाही, आणि चार-पाच ठिकाणी एकदम लावता येतं. जर्मनीच्या नियमांत या धुळीसाठी वर्षाची सरासरी ३५० मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर प्रति दिवस अशी मर्यादा आहे आणि त्याच धुळीतल्या शिशासाठी १०० मायक्रोग्रॅम. हे दुसरं फार महत्त्वाचं, कारण एकूण धूळ कमी असली तरी त्यात शिसं किती हे वेगळंच प्रकरण असतं. म्हणून भांड्यातली धूळ तोलून फेकून देऊ नका, लॅबला धातूंसाठी पाठवा.

वासाचं मोजमाप होत नाही असं लोकांना वाटतं, पण होतं, आणि त्याला मशीन नाही, माणसाचं नाक लागतं. युरोपात यासाठी ठरलेली पद्धत आहे: तपासलेल्या नाकाचा माणूस एका जागी १० मिनिटं उभा राहतो, दर १० सेकंदाला वास आहे की नाही ते लिहितो, म्हणजे ६० नोंदी, त्यातल्या १० टक्के किंवा जास्त नोंदींना वास असला तर तो तास वासाचा धरतात, आणि असं वर्षभर ठरलेल्या जागांवर फिरून वर्षातले किती टक्के तास वासाचे ते काढतात. तुम्हाला एवढं करायची गरज नाही, वही पुरे. पण वही नीट ठेवा. "रोज वास येतो" हे वाक्य कोणालाच उपयोगाचं नाही, तारीख, वेळ, किती मिनिटं, कसला वास (जळकं प्लास्टिक, सडका, ॲसिडसारखा झोंबणारा), वारा कुठून, आणि ज्या दिवशी वास आला नाही त्या दिवसाचीही नोंद. ही शेवटची गोष्ट सगळे विसरतात आणि मग वही एकतर्फी दिसते. चार-पाच घरांनी एकमेकांना न विचारता वेगवेगळ्या वह्या दोन महिने ठेवल्या तर त्यातून जे दिसतं ते महागड्या रिपोर्टमध्येही दिसत नाही. रात्री वास जास्त येतो याचं कारण दर वेळी चोरून जाळणं हेच असेल असं नाही हं, रात्री जमीन गार होते, वारा पडतो, खालची थंड हवा वर जात नाही आणि दिवसा उडून जाणारी तीच घाण खाली साचते. कुठलं कारण आहे ते वही आणि प्लांटच्या शिफ्टचं वेळापत्रक शेजारी ठेवल्यावर कळतं.

माती हा माझा सगळ्यात आवडता पुरावा, कारण हवा आज आहे उद्या नाही, माती मात्र वर्षानुवर्षांचं धरून ठेवते. ज्यांच्याकडे प्लांट सुरू होण्याआधीची काहीच नोंद नाही, आणि तुमच्याकडे नाही असं दिसतंय, त्यांच्यासाठी तर मातीच. करायचं असं, प्लांटपासून ५०, १००, २००, ४००, ८०० मीटरवर, वेगवेगळ्या दिशांना, न नांगरलेल्या जागेवरून वरची फक्त २ ते ५ सेंटीमीटर माती घ्यायची, आणि त्याच खड्ड्यातून खाली ३० सेंटीमीटरवरची वेगळी. वर शिसं भरपूर आणि खाली कमी असेल, आणि प्लांटपासून लांब जावं तसं वरचं कमी होत जात असेल, तर ते हवेतून येऊन बसलंय. वर-खाली सारखंच असेल तर मूळ खडकातलं असेल किंवा कधीतरी बाहेरून आणून टाकलेला भराव असेल. जुन्या रंगाच्या भिंतीजवळची, रस्त्याच्या कडेची माती घेऊ नका, तिथे जुन्या रंगातलं आणि पेट्रोलमधलं शिसं असू शकतं आणि तेवढ्यावरून समोरचा तुमचा सगळा अभ्यास उडवून लावेल. अमेरिकेत घरांच्या आवारातल्या मातीतल्या शिशासाठी पूर्वी ४०० पीपीएमची (एक किलो मातीत ४०० मिलिग्रॅम शिसं) पातळी धरायचे, जानेवारी २०२४ मध्ये ती २०० वर आणली, यावरून अंदाज घ्या की जुने "सुरक्षित" आकडे कसे खाली येत जातात.

शिशाबद्दल मी एवढं का बोलतेय. सेनेगलमध्ये डकारच्या जवळ थियारोय-सुर-मेर नावाच्या वस्तीत लोक उघड्यावर जुन्या बॅटऱ्या फोडायचे, शिसं मिसळलेली माती घरी नेऊन चाळायचे, आणि नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ या काळात तिथे १८ लहान मुलं दगावली. सुरुवातीला कोणाला कारणच कळलं नव्हतं. तुमचा प्लांट तसा नसेल, पण बॅटऱ्या किंवा सोल्डर वितळवणं कुठेही होत असेल तर मातीबरोबर लहान मुलांच्या रक्तातलं शिसं तपासून घ्या, यात कोणाच्या रिपोर्टची वाट बघू नका. जागतिक आरोग्य संघटना सांगते की १०० मिलिलिटर रक्तात ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त आलं की शिसं येतंय कुठून ते शोधून थांबवायला लागायचं. आणि तिथे काम करणाऱ्यांच्या घरची मुलं आधी तपासा, कारण कपड्यांवरून, बुटांवरून धूळ घरात येते, अंतर ६०० मीटर असो की ६ किलोमीटर.

डायॉक्सिनचा संशय असेल तर हवेची एक तपासणी फार महाग पडते आणि तरी एखाद्याच दिवसाचं चित्र देते. मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्यांची अंडी हे जगभर वापरलं जाणारं साधन आहे, कोंबडी माती टोचत फिरते, मातीतलं डायॉक्सिन तिच्या चरबीत साठतं आणि अंड्याच्या बलकात येतं. तीन-चार घरांची अंडी एकत्र करून एक सॅम्पल आणि लांबच्या, अशा प्लांटपासून दूर असलेल्या जागेची दुसरी, एवढं जरी केलं तरी पुढे जायचं की नाही ते ठरतं.

पाण्यात तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या लोक एकत्र करतात. एक म्हणजे पाईपमधून सोडलेलं पाणी, ते बहुतेक रिपोर्टमध्ये असतं. दुसरं पावसाचं, उघड्या ढिगाऱ्यावरून वाहून येणारं, ते जवळजवळ कधीच नसतं आणि खरी घाण त्यातच असते, त्यातही पहिल्या अर्ध्या तासात, कारण इतके दिवस साठलेली धूळ आणि तेल पहिल्या लोंढ्याबरोबर धुवून येतं. पाऊस संपल्यावर दुसऱ्या दिवशी जाऊन बाटली भरली तर काही सापडत नाही. ओढ्यात नुसतं पाणी घेऊ नका, तळाचा बारीक गाळ घ्या, प्लांटच्या वरच्या अंगाचा आणि खालच्या अंगाचा. वाहतं पाणी त्या तासाचं सांगतं, गाळात मात्र महिनोन्महिन्यांचे धातू धरून असतात.

तिसरं भूजल, आणि इथे सगळ्यात जास्त खोटा दिलासा मिळतो. पाणी जमिनीखाली कुठल्या बाजूला वाहतंय हे कळायलाच किमान तीन विहिरी लागतात, त्रिकोणात, त्यांची पातळी मोजून दिशा काढतात, आणि ती दिशा जमिनीच्या उतारासारखीच असेल असं नाही. त्यानंतर एक विहीर वरच्या बाजूला आणि दोन तरी खालच्या बाजूला. आता गणित बघा, जमिनीतलं पाणी दिवसाला १० सेंटीमीटर सरकत असेल आणि तुमची विहीर २०० मीटरवर असेल तर तिथे पोचायला २००० दिवस, म्हणजे साडेपाच वर्षं. प्लांट चार वर्षांचा आहे असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे वस्तीतल्या विहिरीचं पाणी आज स्वच्छ आलं याचा अर्थ प्लांट स्वच्छ आहे असा होत नाही, तपासणीची विहीर कुंपणाला लागून हवी. भेगाळ खडक असेल तर याच्या उलट, पाणी काही दिवसांत लांब जाऊ शकतं.

एक आग लागली होती असं तुम्ही शेवटी सहज लिहिलंय, ते सहज नाहीये. लिथियम बॅटऱ्या चुकून श्रेडरमध्ये गेल्या की अशा प्लांटना आग लागते, हे आता जगभर होतंय, आणि आग विझवायला वापरलेलं पाणी सगळे धातू, जळक्या प्लास्टिकची रसायनं घेऊन कुठेतरी जातं. ते पाणी कुठे साठवलं, कुठे सोडलं हे लेखी विचारा. फेस वापरला असेल तर त्यात पीएफएएस (निसर्गात वर्षानुवर्षं टिकून राहणारी रसायनं) होतं का तेही.

आवाजाबद्दल थोडक्यात. तुमच्या रिपोर्टमध्ये फक्त दिवसाची सरासरी आहे, पण झोप मोडते ती काच ओतण्याच्या एका आवाजाने किंवा रिव्हर्स हॉर्नने, त्यामुळे रात्रीची सरासरी आणि जास्तीत जास्त आवाज दोन्ही मागा, तेही वस्तीतल्या खिडकीबाहेर मोजलेले. एका जागच्या मशीनचा आवाज मोकळ्यात अंतर दुप्पट केलं की साधारण ६ डेसिबलने उतरतो, त्यामुळे गेटवरच्या आकड्यावरून तुमच्या घराचा अंदाज तुम्हीही काढू शकता.

आता रिपोर्ट हातात घेतल्यावर मी काय बघते ते सांगते. सगळ्यात आधी "बीडीएल" किंवा "आढळलं नाही" असं जिथे लिहिलंय तिथे लॅबची मोजण्याची खालची हद्द काय होती ते. पिण्याच्या पाण्यात कॅडमियमसाठी जागतिक आरोग्य संघटनेची पातळी आहे ३ मायक्रोग्रॅम प्रति लिटर. लॅब १० च्या खाली मोजूच शकत नसेल आणि "आढळलं नाही" लिहीत असेल तर ते पाणी ९ असलं तरी कागदावर स्वच्छ. असे कागद मी इतके बघितलेत की आता पहिली नजर तिथेच जाते. मग सॅम्पल कधी घेतलं, कुठल्या वारी, किती वाजता, आणि त्या वेळी प्लांटमध्ये काय चालू होतं. धातूंसाठी पाणी गाळून घेतलं की न गाळता, त्यात ॲसिड घातलं की नाही, कारण ॲसिड न घालता बाटली तीन दिवस ठेवली तर धातू बाटलीच्या भिंतीला चिकटतो आणि आकडा आपोआप कमी येतो. कोरी बाटली, म्हणजे शुद्ध पाणी भरून सगळ्या प्रवासातून फिरवून आणलेली, तपासली का. एकाच जागेचं डबल सॅम्पल घेतलं का. यातलं काहीच लिहिलेलं नसेल तर मी त्या आकड्याला फार धरत नाही, तो तुमच्या बाजूचा असला तरी.

प्लांटवाल्यांशी बोलताना आरोप घेऊन जाऊ नका, तीन कागद मागायला जा: रोजची माल येण्याची नोंद, मशीन कधी चालू कधी बंद त्याचं लॉग, आणि फिल्टर बदलल्याच्या तारखा. चांगला मॅनेजर हे देतो, मी दिलेले बघितलेत, आणि कित्येकदा त्यालाच पहिल्यांदा कळतं की फिल्टरची पिशवी फाटली त्या आठवड्यापासून तक्रारी सुरू झाल्या. त्यांच्याबरोबर एक गोष्ट आधीच लेखी ठरवून घ्या, लिमिटच्या बरीच खाली एक इशाऱ्याची पातळी, आणि ती ओलांडली की त्याच दिवशी काय करायचं, कोणी करायचं, वस्तीला कोण कळवणार. हे ठरलेलं नसेल तर उत्तम मॉनिटरिंगही नुसतं फायलीत जाऊन बसतं.

आणि मेंटेनन्ससाठी प्लांट पुढच्या वेळी कधी बंद राहणार आहे ती तारीख आत्ताच विचारून ठेवा. तुमच्याकडे आधीची नोंद नाही, त्यामुळे ते बंदीचे दिवस म्हणजे तुम्हाला मिळणारी सगळ्यात चांगली तुलना आहे. त्याच्या आधी तेवढेच दिवस, बंद असतानाचे आणि पुन्हा सुरू झाल्यावरचे तेवढेच दिवस, असे तीन टप्पे पाडून त्याच खांबांवर तीच भांडी लावा, तेच सेन्सर ठेवा, वासाच्या वह्या चालू ठेवा आणि वाऱ्याची नोंद घ्या, कारण नेमका त्याच आठवड्यात वारा फिरला तर फरक वाऱ्याचा की प्लांटचा ते सांगता येणार नाही. बंदी आठवडाभराचीच असेल तर भांड्यात जमलेली धूळ तोलायला पुरेशी होणार नाही, तेव्हा प्रत्येक जागी तीन-तीन भांडी लावा आणि लॅबला आधी विचारून घ्या की कमीत कमी किती धूळ लागेल.